चाकाचा कोन आणि काळी माती

मोटारीच्या पुढच्या दोन चाकांवर एकाच वेळी अनेक जबाबदाऱ्या असतात. गाडीच्या वजनाचा मोठा वाटा ती पेलतात, चालक वळवील तिकडे वळतात, ब्रेक लागताच पुढे झेपावणारा भार मुख्यतः त्यांच्यावरच येतो आणि बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकदही याच चाकांकडे जाते. हे सगळे करीत असताना चाकाला खालीवर होण्याची मोकळीक हवी, पण पुढेमागे किंवा आडवे सरकण्याची मुभा मात्र नको, अशी अवघड मागणी ज्या जोडणीकडून केली जाते तिला सस्पेन्शन म्हणतात. या शब्दासाठी कोशात ‘निलंबन’ हा प्रतिशब्द सापडतो, परंतु त्यावरून मराठी वाचकाला सरकारी कर्मचारी आठवतो, मोटार आठवत नाही. म्हणून गॅरेजमध्ये रुळलेलाच शब्द येथे ठेवला आहे.

वऱ्हाडात मोटारीच्या आधी जे चाक फिरत होते ते बंडीचे, म्हणजे बैलगाडीचे, आणि बंडीला सस्पेन्शन नसते हे ध्यानात घेतले तर मोटारीतला प्रश्न अधिक स्पष्ट होतो. बंडीचा आस एकसंध असतो, चाकाचा तुंबा त्यावर फिरतो, आरे तुंब्यातून परिघाकडे जातात आणि परिघावर लोखंडी धाव चढवलेली असते. यात झिजण्यासारखे काय, तर तुंब्याचे भोक आणि धाव. दगड लागला की त्याचा धक्का थेट बसणाऱ्याच्या पाठीला पोचतो, मात्र चाक जमिनीशी कोणता कोन करते हा प्रश्न बंडीवाल्याला पडत नाही, कारण तो कोन सुताराने एकदाच ठरवून दिलेला असतो. मोटारीत चाकाचा कोन राखण्याचे काम काही लोखंडी दांड्या आणि त्यांच्या टोकांना बसवलेली मूठभर रबरे मिळून करतात, आणि रबर सैल पडले की कोन बदलतो. जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची दुरुस्ती म्हणजे असे हरवलेले कोन परत मिळवणे होय. सुटे भाग हे त्याचे साधन. गॅरेजमध्ये बहुधा उलट समजूत दिसते, म्हणजे जो भाग वाजतो तेवढा बदलायचा आणि कोनांचे अलाइनमेंटच्या यंत्रावर पाहून घ्यायचे, आणि बराचसा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

हे कोन तीन आहेत. गाडीकडे वरून पाहिले असता दोन्ही चाकांची पुढची टोके किंचित आत वळलेली असतील किंवा फेंगड्या माणसाच्या पावलांसारखी बाहेर फाकलेली असतील, तर त्या फरकाला टो म्हणतात. समोरून पाहिले असता चाकाचा वरचा भाग आत वा बाहेर कलला असेल तर तो कॅम्बर. तिसरा कोन बाजूने पाहावा लागतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण तो चाकाचा नसून चाक ज्या काल्पनिक रेषेभोवती वळते त्या रेषेचा कल असतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो आणि त्यामुळे हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तशी मोटारीतही ही रेषा वरच्या टोकाशी मागे झुकलेली असते, आणि या झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होते ते मुख्यतः याच कोनामुळे. मारुती ८०० सारख्या गाडीत या तिन्हींपैकी फक्त टो हा नट फिरवून कमीजास्त करता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर यांना फिरवायला नटच दिलेला नाही. ते दोन कोन भागांच्या लांबीतून आणि रबरांच्या जाडीतून आपोआप तयार होतात, म्हणून ते चुकले असतील तर कोणता तरी भाग वाकला आहे किंवा झिजला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

मारुती ८०० चे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेली आणि २०१४ च्या आरंभी उत्पादन थांबलेली ही गाडी वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांतून अजूनही दिसते, आणि एमएच २७ किंवा एमएच ३०, म्हणजे अनुक्रमे अमरावती आणि अकोल्याचा क्रमांक मिरवणाऱ्या अशा अनेक गाड्यांची १५ वर्षांची पहिली नोंदणी संपून आणखी ५ वर्षांसाठी नूतनीकरण झालेले असते. तिच्या पुढच्या चाकांची मांडणी मॅकफर्सन स्ट्रट या नावाने ओळखली जाते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोले कंपनीच्या एका लहान व स्वस्त मोटारीसाठी या मांडणीवर काम केले. ती मोटार १९४७ मध्ये रद्द झाली, मॅकफर्सन फोर्डकडे गेला, आणि १९५० मध्ये ब्रिटनमध्ये दाखवलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांतून त्याची कल्पना प्रत्यक्षात रस्त्यावर आली. तोपर्यंत चांगल्या मोटारीत चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, म्हणजे सांगाड्याला बिजागरीसारखे जोडलेले लोखंडी हात, लागत असत. मॅकफर्सनने वरचा हात काढून टाकला आणि शॉकअपची, म्हणजे धक्का विझवणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची, नळीच उभा खांब म्हणून वापरली: तिचे वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या घुमटाला रबरी माउंटिंगने टेकते, भोवती स्प्रिंग असते, आणि खालचे टोक नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या ओतीव तुकड्याला, दोन बोल्टांनी जखडलेले असते. नकल खाली एका बॉल जॉइंटने लोअर आर्मला जोडलेला असतो. भाग कमी, किंमत कमी आणि इंजिनाला जागा भरपूर, म्हणून पुण्यात तयार होऊन डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकापासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत हीच रीत चालत आली आहे.

मारुती ८०० मध्ये काटकसर आणखी एक पाऊल पुढे गेलेली आहे. तिचा लोअर आर्म रुंद त्रिकोणी नसून जवळजवळ एका साध्या आडव्या पट्टीसारखा आहे आणि सांगाड्याला तो एकाच ठिकाणी जोडलेला असतो; अशा आर्मला चाक आडवे सरकण्यापासून रोखता येते, पण पुढेमागे रोखता येत नाही. ते काम स्टॅबिलायझर बारवर टाकलेले आहे. हा बार म्हणजे गाडीच्या पुढच्या भागात आडवा टाकलेला आणि दोन्ही टोकांशी मागे वळवलेला स्प्रिंगच्या पोलादाचा गज असून, वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून तो पीळ खातो, हे त्याचे नावाप्रमाणे काम. शिवाय त्याची टोके रबरी बुशांतून लोअर आर्ममध्ये अडकवलेली असल्याने चाकाला पुढून ओढून धरण्याचे कामही तोच करतो. एका गजाला दोन नोकऱ्या लावल्याचा परिणाम असा, की त्याच्या टोकांची चहाच्या बशीएवढीसुद्धा नसलेली रबरे चेंबली की नुसती गाडी कलत नाही, तर प्रत्येक ब्रेकला चाक मागे सरकते. वरचे माउंटिंग आणि खालचा बॉल जॉइंट यांतले अंतर सुमारे ६०० मिलिमीटर धरले, तर खालचे टोक ५ मिलिमीटर मागे गेल्याने कॅस्टर जवळपास अर्ध्या अंशाने कमी होतो, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी ओढू लागते. ब्रेक लावताना एकदा आणि सोडताना पुन्हा एकदा ‘टक’ असा आवाज येतो, तो या सरकण्याचाच.

त्याआधीच्या पिढीतल्या गाड्यांची झीज वेगळ्या जातीची होती. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी काय किंवा उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर काय, दोन्हींत चाक वळवण्यासाठी धातूवर धातू घासणारे सांधे होते आणि त्यांना ठरावीक अंतराने पिचकारीने ग्रीस भरावे लागे. पद्मिनीतली किंग पिन, म्हणजे जिच्याभोवती चाक वळते ती जाड खुंटी, सैल झाली तर लेथवाल्याकडून नवे बुश करून, रीमर मारून ती पुन्हा घट्ट बसवता येई. हा व्याप मोठा खरा, पण ग्रीस भरण्याच्या निमित्ताने मिस्त्री दर महिन्या-दोन महिन्यांनी गाडीखाली जात असे आणि सैल सांधा त्याच्या हाताला लागत असे. मारुतीने कायमचे बंदिस्त सांधे आणून ग्रीसची कटकट संपवली. त्याबरोबर गाडीखाली डोकावण्याची सवयही संपली, आणि झीज आवाज करू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येईनाशी झाली.

झिजण्याचा वेग मात्र रस्ता ठरवतो, आणि वऱ्हाडातला रस्ता काळ्या मातीवर उभा आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरते, थर एकमेकांपासून दूर जातात आणि माती फुगते, तर उन्हाळ्यात पाणी निघून जाऊन तीच माती आक्रसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला मानवणारा हा गुण रस्त्याला मानवत नाही. डांबराच्या मधल्या पट्ट्याखाली ओल वर्षभर साधारण सारखी राहते, पण कडांजवळची माती दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात बसते, म्हणून कडा खचतात, साइडपट्टी डांबरापासून विलग होते आणि रस्त्याच्या अंगावर लांबलांब लाटा उमटतात. आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा, साध्या भाषेत योग्य जातीच्या मुरमाचा, जाड थर दिल्यास खालची फुगोटी आटोक्यात राहते हे दाखवून दिले होते. मोठ्या महामार्गांच्या पायाला अशी काळजी घेता येते, तालुक्याच्या आणि पांदण रस्त्यांच्या वाट्याला ती क्वचित येते. भारतात गाडी डावीकडून चालते, समोरून ट्रक आला की डावी चाके साइडपट्टीवर उतरतात आणि डांबराची तुटकी कड चढून परत वर येतात. त्यामुळे डाव्या चाकाचा बॉल जॉइंट आणि बुश सहसा उजव्याच्या आधी संपतात.

लाटांचा हिशेब थोडा निराळा आहे. स्प्रिंगवर टेकलेली गाडीची कुडी सेकंदाला साधारण सव्वा वेळा या तालाने झुलते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे रस्त्यावरच्या लाटा जर सुमारे १८ मीटर अंतराने असतील तर प्रत्येक लाट झोक्याला नेमक्या वेळी ढकलणी दिल्यासारखी पोचते आणि गाडी होडीसारखी डुलू लागते. चाक आणि नकल यांचा स्वतःचा ताल याहून कितीतरी जलद, सेकंदाला १० ते १२ वेळा असतो. ताशी ४० च्या वेगाने मीटर-मीटरवर आलेल्या खळग्यांनी तो चेतवला जातो आणि मग चाक रस्त्यावर टिकण्याऐवजी त्यावर टपटप आपटत जाते. दोन्ही ताल मारण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीतले तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची उष्णता होऊन जाते. धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉकअप तो विझवतो. सील फुटून तेल गळालेल्या शॉकअपची नळी बाहेरून ओली दिसते आणि तिच्यावर धुळीचा काळा थर बसतो, तेव्हा कुडी तर डुलतेच, पण चाकाच्या आपटण्याने टायरवर ठरावीक अंतराने वाटीसारखे खोलगट डाग पडतात. चिखलदऱ्याच्या घाटातून परतवाड्याकडे उतरताना मात्र प्रवाशाला कळतो तो मुख्यतः डुलण्याचा भाग. टायरवरचे डाग बघायला खाली बसावे लागते.

गुळगुळीत रस्ता हे सगळे झाकतो. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती–अकोला टप्प्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग डांबरी काँक्रीटने अंथरण्याचा गिनेस विक्रम झाला. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले हे काम ७ जूनच्या संध्याकाळी, म्हणजे मृग नक्षत्र लागते त्याच सुमारास संपले. आधीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ मध्ये झालेल्या २५ किलोमीटरांच्या कामाचा होता. अशा पृष्ठभागावर झिजलेल्या बुशाची गाडीही तासभर निमूट धावते आणि दर्यापूर किंवा अंजनगावच्या फाट्याला वळली की पहिल्याच खड्ड्यात खडखडू लागते. दोष त्या खड्ड्याने निर्माण केलेला नसतो, त्याने तो फक्त बोलता केलेला असतो.

रस्त्याच्या जोडीला ऊन आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते, इंजिनाची धग वेगळीच. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ठोकताळा रबराच्या म्हातारपणालाही लागू पडतो: ते कडक होते, पृष्ठभागावर बारीक चिरा जातात आणि एक दिवस धातूच्या नळीपासून सुटते. कोकणातली गाडी गंजाने जाते, वऱ्हाडातली उन्हाने आणि धुळीने. बॉल जॉइंटच्या बाबतीत धूळ मुख्य. कठीण केलेल्या पोलादाची गोटी प्लास्टिकच्या वाटीत ग्रीससह फिरते आणि तिच्यावर रबरी टोपी असते. टोपी फाटली की पावसाळ्यात काळ्या मातीचे पाणी आत जाते, ग्रीसमध्ये कालवले जाते आणि त्याचे घासण्याच्या लेपात रूपांतर होते. त्यानंतर वाटी संपायला फार दिवस लागत नाहीत. पूर्ण झिजलेली गोटी वाटीतून निसटली तर चाक गाडीखाली आडवे पडते, म्हणून सस्पेन्शनच्या झिजणाऱ्या भागांत हा एकच भाग असा आहे, की ज्याच्याबाबत ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणे योग्य नाही.

कोणता भाग झिजला हे ओळखण्यासाठी गाडीचे नाक दाबून ती किती वेळा उसळते हे पाहण्याची जुनी पद्धत फक्त अगदी मेलेला शॉकअप पकडते. अर्धा मेलेला तिच्यातून सुटून जातो. हाताची परीक्षा अधिक भरवशाची. चाक जमिनीपासून उचलून, घड्याळात १२ आणि ६ असतात त्या जागी धरून आळीपाळीने आत-बाहेर हलवले असता खुळखुळ जाणवली, तर दोष बॉल जॉइंटचा किंवा हबच्या बेअरिंगचा असतो. त्याच वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरला आणि खुळखुळ थांबली, तर तो बेअरिंगचा, न थांबली तर बॉल जॉइंटचा, कारण ब्रेक हब आणि नकल यांना एकत्र जखडतो. ९ आणि ३ च्या जागी धरून हलवताना जाणवणारी सैलता बहुधा टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीच्या, टोकाची असते. मॅकफर्सन मांडणीत स्प्रिंगचा भार खालच्या बॉल जॉइंटवर येत नाही, म्हणून चाक मोकळे लोंबकळत ठेवून ही परीक्षा चालते. पद्मिनीसारख्या दोन आर्मांच्या गाडीत मात्र जॅक थेट खालच्या आर्मखाली लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगचा जोर सैल सांध्याला दाबून धरतो आणि निकाल खोटा येतो. बुश तपासायला टामी घालून आर्म हलकेच ढकलावा. स्टिअरिंग पूर्ण वळवताना घुमटाजवळून ‘कर्र’ आवाज येऊन स्प्रिंग मध्येच उडी मारत असेल, तर वरच्या माउंटिंगचे बेअरिंग धुळीने धरलेले आहे असे समजावे.

प्रत्यक्ष बदलाच्या कामात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो. गाडी पक्क्या जमिनीवर हवी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी आणि गाडीखाली लोखंडी स्टँड हे दोन्ही हवेत, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाणे अनाठायी धाडस होय. मारुती ८०० मध्ये बॉल जॉइंट लोअर आर्मचाच अविभाज्य भाग असल्याने तो झिजला की पूर्ण आर्म बदलतात. त्याची खुंटी नकलच्या चिरलेल्या भोकात शिरलेली असून एक आडवा बोल्ट ते भोक आवळतो, आणि खुंटीला मध्यावर जी खाच असते तिच्यातूनच हा बोल्ट जातो. नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. हे न कळल्याने हातोड्याचे घाव घालून नकलचे कान फाकवल्याची उदाहरणे कमी नाहीत. स्टॅबिलायझर बारच्या टोकाचा नट खाचेदार असतो आणि त्यातून स्प्लिट पिन घातलेली असते, ती दर वेळी नवी घ्यावी. शॉकअप काढायचा असेल तर सुटा झालेला नकल ब्रेकच्या नळीवर किंवा ड्राइव्ह शाफ्टवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा, कारण शाफ्ट जास्त बाहेर ओढला गेला की त्याचा आतला सांधा सुटतो.

स्प्रिंगविषयी मात्र थांबून सांगणे भाग आहे. समजा स्प्रिंग अशी आहे, की ती १ मिलिमीटर दाबायला सुमारे २ किलोचा भार लागतो, आणि ती शॉकअपवर १५० मिलिमीटर दाबून बसवली आहे. तर तिचा जोर ३०० किलो भरतो आणि तिच्यात साठलेली ऊर्जा २३ किलोची गोणी एका मीटरवरून पडावी एवढी असते. हा जोर फक्त वरच्या मधल्या नटाने अडवलेला असतो. स्प्रिंग दाबण्याचे दोन आकडे समोरासमोर लावून ती मोकळी झाल्याची खात्री होण्यापूर्वी तो नट ढिला केला, तर माउंटिंग तोंडाच्या दिशेने उडते. गावोगावच्या गॅरेजांत दोरखंडाने किंवा तारेने स्प्रिंग बांधून हे काम उरकण्याची पद्धत आढळते. तिच्यात कौशल्य असेलही, पण तिचे समर्थन करता येत नाही.

बुशाचा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जाणारा नियम मात्र तो घट्ट करण्याच्या वेळेचा आहे. बाहेरची नळी आर्ममध्ये, आतली नळी बोल्टाने सांगाड्याला आवळलेली आणि मधले रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेले, अशी बुशाची रचना असल्याने आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, रबर फक्त पीळ खाते आणि उलगडते. गाडी स्टँडवर असताना चाक खाली लोंबते. आर्म ३०० मिलिमीटर लांब आणि चाक ८० मिलिमीटर खाली असेल, तर आर्म सुमारे १५ अंश कललेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला, की रबराच्या लेखी ती त्याची सरळ अवस्था ठरते, आणि गाडी चाकांवर उतरताच ते कायमचा १५ अंशांचा पीळ घेऊन बसते. मग गाडीचे नाक किंचित उंच राहते, आणि बारीक खड्ड्यांनाही पिळलेले रबर आणखी पिळले जाऊन काही महिन्यांत फाटते. ग्राहक म्हणतो भाग डुप्लिकेट निघाला, दुकानदार म्हणतो रस्ते वाईट आहेत. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोनचार वेळा पुढेमागे ढकलून दाबून घ्यावी आणि तिच्या स्वतःच्या वजनाखालीच शेवटचा पाना मारावा. बुश आत ढकलताना ग्रीसही लावू नये, नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी पुरते आणि ते पुढे सुकून जाते.

शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, कारण नवा आणि जुना शॉकअप एकाच धक्क्याला वेगवेगळे उत्तर देतात आणि जोराच्या ब्रेकला गाडी तिरपी होते. आर्म आणि बुश यांच्याबाबत हा आग्रह थोडा सैल करता येतो, तरी डावी बाजू संपली असेल तर उजवी फार मागे नसते, आणि मजुरी दोनदा देण्यापेक्षा ती एकदाच दिलेली परवडते. जुन्या बॉल जॉइंटमध्ये नवे प्लास्टिक ओतून देणे किंवा शॉकअपला भोक पाडून तेल भरून झाळणे या कारागिऱ्या सुटे भाग मिळत नव्हते त्या काळाच्या आहेत. ज्या गाडीचा आर्म आजही तालुक्याच्या दुकानात मिळतो तिच्यासाठी त्या वापरण्याचे कारण उरलेले नाही. नवीन गाड्यांत स्टॅबिलायझरच्या टोकाशी असलेली छोटी लिंक, जिला मिस्त्री ‘जंपिंग रॉड’ म्हणतात, ती सगळ्यांत आधी वाजते आणि सगळ्यांत स्वस्त असते, म्हणून पुष्कळदा फक्त तीच बदलली जाते, आणि तिच्या आवाजाखाली दडलेला आर्मच्या बुशाचा आवाज दुसऱ्या दिवशी ऐकू येतो.

शेवटी गाडी अलाइनमेंटला जाते, आणि तिथे यंत्र फक्त टो दुरुस्त करते. ही दुरुस्ती क्षुल्लक नाही. मारुती ८०० चे १४५/७० आर १२ मापाचे टायर सुमारे ५०८ मिलिमीटर व्यासाचे असतात. दोन्ही चाकांचा मिळून ५ मिलिमीटर टो चुकला असेल, तर प्रत्येक टायर किलोमीटरमागे जवळपास ५ मीटर आडवा घासत जातो, म्हणजे अमरावतीहून अकोल्याला पोचेपर्यंत तो अर्धा किलोमीटर आडवा ओढला गेलेला असतो. असा टायर हाताने चाचपला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागतो. परंतु सैल बुशांवर केलेली टोची दुरुस्ती उभ्या गाडीपुरती खरी असते. ब्रेक लागला, खड्डा आला, की आर्म सरकतो आणि यंत्राने जुळवलेले माप त्याच क्षणी बदलते. सहा महिन्यांतून तीनदा अलाइनमेंट करूनही टायर एका अंगाने खाल्ले जात असतील तर कारण बहुधा हेच असते.

संगणकाच्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने असतात. ग्राहक त्यावर हिरवे झालेले टोचे आकडे पाहतो आणि पैसे देतो. कॅम्बर आणि कॅस्टर यांच्या ओळीत दोन्ही रकान्यांतले आकडे सहसा एकसारखेच असतात, कारण त्यांना कोणी हात लावलेला नसतो, आणि त्या ओळीकडे फारसे कोणी पाहतही नाही. जुना कागद जपून ठेवलेला असेल, दरम्यान लोअर आर्म आणि बारची रबरे बदलली असतील आणि शेवटचा पाना गाडी चाकांवर उभी असताना मारला असेल, तर नव्या कागदावर याच दुर्लक्षित ओळीतला डाव्या चाकाचा कॅस्टर उजव्याच्या जवळ आलेला दिसतो.